घड्याळ उघडं असताना

माझ्या थोरल्या भावाच्या दुकानात काउंटरवर एक पाटी आहे: ‘घड्याळ उघडं असताना बोलू नये.’ ती त्यानं स्वतःच्या हातानं रंगवली आहे आणि गेली अठ्ठावीस वर्षं लोक ती पाळतात. दादा घड्याळजी. डोळ्याला भिंग, उजव्या हातात चिमटा, आणि डावा तळहात टेबलावर आडोशासारखा उभा, म्हणजे खसखशीएवढे स्क्रू घरंगळू नयेत. तोंडातून शब्द निघाला की त्याच्याबरोबर वारा निघतो, आणि वाऱ्यानं स्क्रू उडाला की अर्धा दिवस फरशीवर रांगावं लागतं, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे गिऱ्हाईक आत येतं, पाटी वाचतं आणि गप्प उभं राहतं. एरवी कुणाला बोलू न देणारी माणसं मी तिथे मिठाची गुळणी धरून उभी असलेली पाहिली आहेत.

माझा धंदा नेमका उलटा. मी एकतीस वर्षं कोर्टात स्टेनो होते. लोकांनी बोलायचं आणि मी शॉर्टहँडमध्ये टिपायचं. साक्षीदारानं नुसती मान डोलावली की जजसाहेब म्हणायचे, “तोंडानं सांगा. मान लिहून घेता येत नाही.” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या हाडांत मुरलंय. एकाच आईची दोन मुलं, एक कुणाला बोलू देत नाही आणि दुसरीला कुणी बोलल्याशिवाय पगार नाही. दादा माझ्याबद्दल म्हणतो, हिचं म्हणजे उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हणू दे. निवृत्त झाल्यापासून मी दोन गल्ल्या सोडून एकटी राहते आणि मला वाटेल तेवढं बोलते.

ही गोष्ट दादाच्या मुलीची. तिला घरात सगळे चिमटी म्हणतात. चार वर्षांची असताना ती दुकानात बापाशेजारी स्टुलावर बसायची आणि हरवलेला स्क्रू बोटांच्या चिमटीत अलगद उचलून द्यायची, तेव्हापासूनचं हे नाव. शाळेतून आली की दुकान, कॉलेजातून आली की दुकान. त्या घरात सगळी अळीमिळी गुपचिळी. वहिनी बालवाडीत शिकवते, दिवसभर तीस पोरांशी बोलून घसा कोरडा करून येते, तिला घरची शांतता म्हणजे भरपगारी रजा वाटते. चिमटी वाढली ती अशी. हुशार म्हणाल तर अशी की संख्याशास्त्रात कॉलेजात दुसरी आली, आणि ते आम्हाला महिनाभरानं कळलं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

पदवी झाल्यावर ती एका विमा कचेरीत फॉर्म तपासायला लागली. नाव, वय, सही, तारीख. बारा जणी एका लांबट खोलीत बसायच्या आणि खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप दिसायचे. सहा महिन्यांनी एकदा ती माझ्याकडे आली, चहा प्यायली, आणि कप खाली ठेवत म्हणाली, “आत्या, मला कन्सल्टिंगमध्ये जायचंय. अ‍ॅनालिस्ट म्हणून.”

“म्हणजे काय करायचं असतं?”

“एखाद्या कंपनीचं काहीतरी अडलेलं असतं. आपण जाऊन माहिती गोळा करायची, आकडे बघायचे आणि घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते शोधून त्यांना सांगायचं.”

“आणि या सल्ल्याचे ते पैसे देतात?”

“भरपूर.”

मी आयुष्यभर फुकट सल्ले दिले, एकानंही ऐकलं नाही. तेव्हाच चूक कळली. पण पोरगी हे सांगताना पुढे सरकून खुर्चीच्या टोकाशी बसली होती, आणि मी तिला असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. बंद पडलेलं काहीतरी उघडून आत बघायचं, हे तिच्या रक्तात होतं. तिला घड्याळापेक्षा मोठं काहीतरी उघडायला हवं होतं, एवढंच.

या नोकरीसाठी निवड कशी होते ते तिनं मला नंतर समजावलं. आधी अर्ज, मग कॉम्प्युटरवर परीक्षा. ती पार पडली की मुलाखत, आणि मुलाखतीचे दोन भाग. पहिल्या भागात तुमच्याबद्दल विचारतात: इथेच का यायचंय, कधी कुणाचं नेतृत्व केलंत का, कधी तोंडावर आपटलात का. दुसऱ्या भागाला केस म्हणतात. केस म्हटल्यावर मी कान टवकारले, पण ही वेगळी. यात एक अडलेला धंदा तुमच्यासमोर ठेवतात, नाहीतर सरळ विचारतात, या शहरात वर्षाला चष्मे किती विकले जात असतील? हातात कागद आणि पेन्सिल. कॅल्क्युलेटर नाही.

पहिल्या कंपनीत तिला चष्म्यांचंच विचारलं. तिनं कागद ओढला, डावा तळहात त्याच्यापुढे उभा केला, श्वास रोखला आणि चार मिनिटं हिशेब केला. मग वर बघून म्हणाली, “साडेचार लाख.”

समोरच्या माणसानं विचारलं, “कसे काढलेत?”

“हिशेब करून,” ती म्हणाली.

आठवड्यानं तीन ओळींचं पत्र आलं, शेवटी पुढील वाटचालीस शुभेच्छा. शुभेच्छा आल्या की समजावं, दार आतून लावून घेतलंय. दुसऱ्या कंपनीत बेकऱ्यांची साखळी होती, फायदा का घटला ते शोधायचं होतं. तिनं ते शोधलं, सहा मिनिटांत, अचूक. मुलाखत घेणारा म्हणाला, “उत्तर बरोबर आहे.” आणि पुन्हा शुभेच्छा आल्या.

दुसरी कुणी असती तर रडली असती किंवा नशिबाला बोल लावला असता. चिमटीनं त्या कंपनीला फोन लावला. कुणी उचलेना, परत लावला. चार दिवस रोज जेवणाच्या सुट्टीत कचेरीच्या जिन्यात उभं राहून लावला. पाचव्या दिवशी एका मुलीनं वैतागून की दया येऊन, सांगून टाकलं, “तुमचं उत्तर बरोबर होतं. पण तुम्ही विचार कसा करता ते आमच्या कुणालाच दिसलं नाही. आणि एक विचारू? तुम्ही कागद का झाकून ठेवला होता?”

त्याच संध्याकाळी ती माझ्या दारात उभी. चपला काढायच्या आधी म्हणाली, “आत्या, मला बोलायला शिकव.”

आता यात अडचण काय होती तेही सांगते. तिला घेतील अशी तिसरी आणि शेवटची एकच कंपनी उरली होती. पदवीला दोन वर्षं होऊन गेली की या जागेसाठी अर्जच घेत नाहीत, आणि तिची दोन वर्षं दीड महिन्यानं संपत होती. परीक्षा ती पास झाली होती, मुलाखत तीन आठवड्यांवर आली होती. ही हुकली तर लांबट खोली, बारा जणी आणि समोरचे पाइप. तिला दुसरं काही मिळालं नसतं असं मी म्हणत नाही. पण तिला जे हवं होतं त्याचं दार कायमचं बंद झालं असतं.

मी कपाटातून जुनी वही काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि समोर बसले. “सांग, आमच्या इमारतीतल्या लिफ्टचं दार दिवसातून किती वेळा उघडतं?”

तिनं कागद घेतला. डावा तळहात उभा राहिला. श्वास थांबला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. सहा मिनिटांनी ती म्हणाली, “तीनशे साठ.”

“बरं,” मी म्हणाले. “आता तुझी साक्ष वाचून दाखवते.” आणि वही तिच्याकडे फिरवली. पानावर एक आकडा होता, बाकी सगळं कोरं.

तिनं पान उलटून मागची बाजू पाहिली. “एवढंच?”

“तू जेवढं बोललीस तेवढंच. मान लिहून घेता येत नाही, बयो.”

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सहाला ती माझ्याकडे यायची आणि साडेआठला कचेरीत पळायची. आमचा नियम एकच होता. तिचं तोंड चालू असेल तोवर माझी पेन्सिल चालणार. ती गप्प झाली की मी पेन्सिल उचलून हवेत धरणार. पहिले चार दिवस माझा हात हवेतच होता, खांदा धरला. पाचव्या दिवशी ती बोलायला लागली, पण कसं? आधी गुपचूप मनात उत्तर काढायची आणि मग पाठ केल्यासारखं घडाघडा म्हणून दाखवायची. मी काय काल जन्मले? पढवून आणलेला साक्षीदार मला पहिल्या वाक्याला ओळखू येतो.

“उत्तर माहीत नसताना बोल,” मी म्हणाले.

“चुकलं तर?”

“चुकलं तर चुकलं.”

तिनं सुरुवात केली, तिसऱ्या वाक्याला चुकली आणि किंचाळली, “ते नको लिहूस!”

“मी लिहिणारी आहे, खोडणारी नाही. कोर्टात साक्षीदार म्हणतो, माझ्या बोलण्यात दुरुस्ती आहे. मग मी दुरुस्ती लिहिते, आणि चूकही तिथेच राहते. अशा साक्षीदारावर साहेबांचा जास्त विश्वास बसायचा. एकदाही न चुकणारा साक्षीदार दिसला की ते चष्मा काढून पुसायला घ्यायचे.”

खरं दुखणं तिथे होतं. तिला बोलता येत नव्हतं असं नाही. चूक दुसऱ्याला ऐकू जाईल याची तिला भीती वाटायची. आयुष्यभर तिनं बापाचा हात पाहिला होता, आणि तो हात कधी चुकलेला तिला ऐकूच आला नव्हता. दादाच्या दुकानात घड्याळ बंद येतं आणि चालू होऊन जातं, मधलं सगळं भिंगाच्या आत.

पण पोरगी हट्टाला पेटली. रस्त्यानं चालताना मोठ्यांदा बोलायची: या गल्लीत दिवे किती, एक दिवा किती दिवस टिकत असेल, महिन्याला किती बदलावे लागत असतील. बसथांब्यावर लोक तिच्यापासून दोन पावलं लांब उभे राहायचे. दूध तापवताना ती दुधाबद्दल बोलायची आणि दूध उतू जायचं, मग तेही सांगायची, की उतू गेलं, कारण मी पातेल्याकडे न बघता तुझ्याकडे बघत होते. वहिनी मला म्हणाली, “तुम्ही माझी रजा रद्द केलीत.” दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी चिमटीचा घसा बसला. दोन दिवस ती घोगऱ्या आवाजात बोलत राहिली, पण थांबली नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी तिला तसं सांगूनही टाकलं.

भांडण झालं ते दुकानात. दादा एका बाईचं नाजूक मनगटी घड्याळ उघडून बसला होता आणि मागे चिमटी कपाट आवरता आवरता पुटपुटत होती. तिचा आवाज चढला, दादा दचकला, स्क्रू गेला. त्यानं भिंग काढलं. दादा चिडला की ओरडत नाही, हळू बोलतो, आणि ते जास्त वाईट.

“हे काय चाललंय? अर्धवट काम गिऱ्हाइकाला दाखवतात का? झाकली मूठ सव्वा लाखाची. चालू घड्याळ हातात द्यावं आणि मोकळं व्हावं.”

मी तिथेच होते. मी काय मूग गिळून बसणार होते? “दादा, तुझं गिऱ्हाईक घड्याळ घ्यायला येतं. तिथले लोक हिचा हात घ्यायला बसलेत. दर महिन्याला नवं घड्याळ, नवी खोट. हात दिसल्याशिवाय ते कसा घेतील? मूठ झाकून झाकून दोनदा परत आलीये ती.”

दादानं भिंग परत डोळ्याला लावलं. म्हणजे विषय संपला. चिमटी गुडघ्यांवर बसून स्क्रू शोधत होती, तिनं तो उचलून बापाच्या डबीत ठेवला आणि काही न बोलता घरी गेली. मला वाटलं, झालं, सगळं मुसळ केरात. इतक्या दिवसांचं शिकवलेलं एका वाक्यात गेलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी दादाचा फोन आला, “दोघी या. वही आण.” दुकानाचं शटर अर्धं उघडं. टेबलावर एक जुनं गजराचं घड्याळ, कुणीतरी टाकून दिलेलं. दादा भिंग लावून बसला होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता.

“लिही,” तो मला म्हणाला. आणि त्यानं घड्याळ उघडायला घेतलं.

आता मी जे लिहून घेतलं ते माझ्या वहीत आहे, तसंच्या तसं सांगते. “मागचं... झाकण काढतो. चार स्क्रू. एक गंजलाय. आत धूळ आहे. चक्र... चक्र फिरतंय पण अडतंय. मला वाटतं, स्प्रिंग गेली.” मग बराच वेळ काही नाही. मी पेन्सिल हवेत धरली. त्यानं ती डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिली आणि घाईनं बोलायला लागला. “स्प्रिंग बघतो. स्प्रिंग... चांगली आहे. म्हणजे माझं चुकलं. मग काय असेल? खात्री नाही. तेल वाळलं असेल. किंवा दात तुटला असेल. आधी तेल बघतो, कारण ते बघायला सोपं.”

माझ्या शेजारून चिमटीचा आवाज आला, “बाबा, तुम्हाला पण आधी चुकीचं वाटतं?”

दादानं वर पाहिलं नाही. “रोज,” तो म्हणाला. “दहातल्या चार वेळा तरी.”

“मग कधी सांगितलं का नाहीत?”

तो तोंड उघडून काहीतरी म्हणाला, आणि त्या वाऱ्यानं स्क्रू गेला. आम्ही तिघं फरशीवर रांगलो. तो म्हणाला काय होता ते शेवटी माझ्या वहीत आलंच नाही, कारण मीही टेबलाखाली होते. पण चिमटी रांगता रांगता हसत होती, आणि मोठ्यांदा सांगत होती की स्क्रू हलका आहे, वारा त्या बाजूनं आला, म्हणजे तो कपाटाकडे गेला असणार, आणि नसेल तर दुरुस्ती. तो स्टुलाच्या पायाशी सापडला. तिची दुरुस्ती मी नंतर आठवून लिहिली.

मुलाखतीच्या दिवशी ती करडा शर्ट घालून गेली. परत आली ती थेट माझ्याकडे, पाणी प्यायली आणि म्हणाली, “लिही. नाहीतर विसरेन.” म्हणून मला सगळं माहीत आहे.

काचेची खोली होती, सहाव्या मजल्यावर. समोर एक बाई, केस बारीक कापलेले, पुढ्यात पाण्याची बाटली. पहिला भाग बरा गेला. कधी अपयश आलं का, या प्रश्नाला तिनं कोऱ्या पानाची हकिगत सांगितली. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. मग केस आली.

रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेची. शहरभर तिची चोवीस केंद्रं, तिथे लोक रक्त देतात आणि नमुने मुख्य प्रयोगशाळेत जातात. प्रयोगशाळेनं नवं, मोठं मशीन आणलं. तरी रिपोर्ट जो आधी पाच तासांत मिळायचा तो आता आठ तासांनी मिळतो. का?

चिमटीचा डावा हात आपोआप उठला. “आत्या, मी त्याच्याकडे बघितलं आणि तो मांडीवर ठेवला,” ती म्हणाली. मग तिनं कागद फिरवून दोघींच्या मध्ये ठेवला, बाईंनाही वाचता येईल असा, आणि बोलायला लागली. नमुना घेतल्यापासून रिपोर्ट मिळेपर्यंत टप्पे किती? रक्त घेणं, गाडीनं नेणं, मशीन, डॉक्टरांची सही, पाठवणं. यातलं काय बदललं? तिनं एकेक विचारलं. गाड्या त्याच, वेळा त्याच, डॉक्टर तेच. नुसतं मशीन बदललं.

“मशीनला चालायला जास्त वेळ लागतो का?”

“नाही, तेवढाच,” बाई म्हणाल्या. “जुनं एका वेळी शंभर नमुने घ्यायचं. नवं चारशे घेतं.”

“ते पूर्ण भरल्यावरच चालू करतात?”

बाईंनी मान डोलावली. चिमटीच्या तोंडून निघून गेलं, “तोंडानं सांगाल का?” हे ऐकताना मी कपाळावर हात मारला. पण बाई म्हणाल्या, “हो, भरल्यावरच.”

“मग ते भरायला किती वेळ लागतो ते बघू. दिवसाला एका केंद्रावर किती नमुने?”

“पन्नास.”

“चोवीस केंद्रं, प्रत्येकी पन्नास, म्हणजे दिवसाला बाराशे. दिवसाचे तास चोवीस, म्हणजे तासाला पन्नास. चारशे भरायला आठ तास.” आणि इथे ती थांबली. बाईंनी पेन खाली ठेवलं.

“त्या क्षणी मला पूर्वीसारखं गप्प व्हायचं होतं,” चिमटीनं मला सांगितलं. “कागद झाकायचा, बरोबर करायचं आणि मग वर बघायचं. माझे कान तापले होते.” पण तिला दादाचं ते ‘रोज’ आठवलं. ती म्हणाली, “माझ्या बोलण्यात दुरुस्ती आहे. आठ तास मशीन भरण्यातच गेले तर आठ तासांत रिपोर्ट हातात कसा येईल? माझं काहीतरी चुकलंय. नमुने तेवढेच असतील, मग तास चुकले असतील. केंद्रं चोवीस तास उघडी असतात का?”

“सकाळी सात ते संध्याकाळी सात,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे बारा तास. तासाला शंभर नमुने. जुनं मशीन तासाभरात भरायचं, नव्याला चार तास लागतात. तीन तासांचा फरक, आणि रिपोर्टलाही तीनच तास जास्त लागतायत. मशीन मोठं झालं म्हणून उशीर व्हायला लागला. ते भरायची वाट बघू नका. तासाला एकदा चालवा, पाव भरलेलं असलं तरी.”

बाईंनी तिला सोडलं नाही. पाव भरलेलं मशीन चालवायला मालक का तयार होईल? प्रत्येक फेरीला वेगळी रसायनं लागली तर? चिमटीनं कबूल केलं की रसायनांचं तिला माहीत नाही, पण विचारायचं कुणाला ते माहीत आहे, आणि नाहीतर दोन तासांनी एकदा चालवून मधला मार्ग निघेल. चाळीस मिनिटांनी ती बाहेर आली तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

माझी वही भरली. मी पेन्सिल ठेवली आणि विचारलं, “तुला काय वाटतं?”

“खात्री नाही,” ती म्हणाली, आणि सरळ माझ्याकडे बघत म्हणाली. हीच पोरगी महिन्यापूर्वी हे तोंडातून काढायला मेली असती.

दहा दिवसांत कळवू म्हणाले होते. ती रोज कचेरीत जाऊन फॉर्म तपासत होती, आणि मी रोज काहीतरी निमित्त काढून दादाच्या दुकानात बसत होते. माझ्या घड्याळाचा पट्टा त्या आठवड्यात दोनदा बदलला. नवव्या दिवशी दुपारी दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, एक म्हातारे गृहस्थ आणि एक बाई, दोघंही पाटीसमोर तोंड मिटून उभी. दादा गृहस्थांचं घड्याळ उघडून बसला होता. चिमट्याच्या टोकाशी दिसेल न दिसेल एवढा स्क्रू.

चिमटी दारात आली. धावत आली असावी, छाती वरखाली होत होती. कचेरीतून या वेळी ती कधी सुटत नाही. फोन मुठीत घट्ट धरला होता. मला तिच्या तोंडावरून काही कळेना, एवढी ती स्वतःला आवरून धरत होती. तिनं बापाच्या डोळ्याचं भिंग पाहिलं, उघडं घड्याळ पाहिलं, आणि चार वर्षांची असल्यापासून जे करत आली तेच केलं. ओठ मिटून, श्वास रोखून उंबऱ्यात उभी राहिली. आता स्क्रू बसेपर्यंत थांबायचं. मला तर वाटलं, माझंच काळीज तोंडातून उडी मारेल.

दादानं मान वर केली नाही. भिंग काढलं नाही, चिमटाही खाली ठेवला नाही.

“बोल,” तो म्हणाला.

म्हाताऱ्या गृहस्थांनी पाटीकडे पाहिलं, मग दादाकडे.

“झालं, बाबा,” चिमटी म्हणाली. “घेतलं मला. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून.”

दादाच्या तोंडून एवढा मोठा श्वास सुटला की स्क्रू कुठल्या कुठे गेला. बाई वाकून शोधायला लागल्या. गृहस्थ कळवळून म्हणाले, “अहो, माझं घड्याळ!”

“सापडेल,” दादा म्हणाला. भिंगाच्या काचेआड त्याचा डोळा ओला होता आणि मोठा दिसत होता. “तू बोल, चिमटे. पहिल्यापासून सांग.”